मंगळागौर, फुगडी आणि ८०० ची फिल्म

प्रश्न : बहिणीची पहिली मंगळागौर आहे, हॉल घेतलाय, खेळ रात्रीच होणार. माझ्याकडे बाबांचा पेंटॅक्स के१००० आहे, ५० एमएम एफ २ लेन्स. फोटो रंगीत फिल्मवरच काढायचेत आणि फ्लॅश नको, आत्याने आधीच बजावलंय की डोळ्यांवर झोत मारायचा नाही. दुकानात अल्ट्रामॅक्स ४०० मिळतेय, ऑनलाइन पोर्ट्रा ८०० आणि सिनेस्टिल ८००टी दिसतात, एक मित्र म्हणतो ४०० घे आणि १६०० ला पुश कर. नक्की काय घेऊ?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रात्रीच्या खेळांसाठी पोर्ट्रा ८००, आणि दोन रोल घ्या (नावातला आकडा म्हणजे फिल्मचा वेग, तो जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो). महाग आहे, माहितीये, पण सकाळची पूजा खिडकीच्या उजेडात होणार असेल तर ती अल्ट्रामॅक्सवर काढा, तो रोल तिथेच संपवा आणि मग रात्रीसाठी ८०० भरा, म्हणजे खिसाही जरा सावरेल.

मित्राचं पुशचं गणित, म्हणजे फिल्म जास्त वेगाची समजून फोटो काढायचे आणि लॅबमध्ये जास्त वेळ धुवायची, कागदावर बरोबर दिसतं पण ४०० ची फिल्म १६०० ला लावली म्हणजे तिच्यावर दोन स्टॉप उजेड कमी पडला (दर स्टॉपला उजेड निम्मा), चौथा हिस्सा, आणि फिल्मवर जे पडलंच नाही ते लॅबवाला केमिकलमध्ये जास्त वेळ ठेवून कुठून आणणार? त्याने फक्त कॉन्ट्रास्ट वाढतो. अंबाडा, हिरवी नऊवारी, कोपऱ्यात बसलेल्या मावश्या, सगळं मिळून एक दाणेदार काळपट हिरवट डाग होतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हा प्रकार खपून जातो, छानही दिसतो कधी कधी, रंगीत निगेटिव्हमध्ये चेहऱ्यांचे रंगच बिघडतात. अगदीच नाइलाज झाला तर पोर्ट्रा ८०० एक स्टॉप पुश करून १६०० ला चालते, पण मग पूर्ण रोल तसाच काढायचा आणि लॅबला रोल देतानाच पुश सांगायचं.

आता सिनेस्टिल. मूळ ती कोडॅकची सिनेमाची फिल्म, व्हिजन३ ५००टी, तिच्या पाठीवरचा काळा थर काढलेला असतो म्हणून ती नेहमीच्या रंगीत फिल्मच्या केमिकलमध्ये, सी-४१ मध्ये, धुता येते. तो थर नसल्यामुळे बल्बभोवती, समईच्या ज्योतीभोवती लाल वलय येतं, ते कुणाला आवडतं कुणाला नाही. खरा मुद्दा वेगळाय, ती पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी, ३२०० केल्विनसाठी बनवलेली आहे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). तुमच्या हॉलमध्ये पांढरे एलईडी असतील, म्हणजे ६००० च्या वरचे, तर सगळ्या बायका निळ्या येतील. पिवळे दिवे असतील तर मात्र तिचा विचार जरूर करा, कारण अशा उजेडात पोर्ट्रा केशरी पडते, स्कॅनमध्ये बरंचसं निस्तरता येतं पण फिल्मच्या निळा रंग टिपणाऱ्या थरावर उजेड कमी पडलेला असतो त्यामुळे सावल्या गढूळ येतात. निळा फिल्टर लावून रंग सुधारता येतो पण ८०ए फिल्टर दोन स्टॉप खातो, म्हणजे ८०० ची फिल्म पुन्हा २०० ची झाली.

म्हणून आधी एकदा संध्याकाळी हॉलवर जाऊन या. के१००० चा उजेड मोजणारा मीटर फिल्म नसतानाही चालतो. ८०० सेट करा, जिथे खेळ होणार तिथे उभं राहून स्वतःच्या तळव्यावर रीडिंग घ्या आणि त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्या (मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो आणि तळवा त्यापेक्षा साधारण तेवढा उजळ असतो). पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरून रीडिंग घेतलंत तर चेहरे बुडाले म्हणून समजा. बऱ्या उजेडाच्या हॉलमध्ये ८०० ला एफ २.८ आणि १/१२५ मिळून जातं (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी, १/१२५ म्हणजे शटर सेकंदाचा तेवढा हिस्सा उघडं), घरच्या दिवाणखान्यासारखा उजेड असेल तर एफ २ आणि १/६०. शंका आली तर जास्त उजेडाच्या बाजूला जा, निगेटिव्ह एखादा स्टॉप जास्त सहज पचवते, कमी अजिबात नाही. आणि हो, या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटणच नाही, काम झालं की लेन्सला टोपी घाला, नाहीतर ऐन मंगळवारी सेल संपलेला.

अजून एक, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले ट्यूब आणि एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही पण १/१२५ किंवा त्याहून वेगात फोटोवर फिकट-गडद पट्टे येऊ शकतात. १/६० ला हा त्रास फारसा नाही.

पण १/६० ला फुगडी? नाही थांबत. फुगडीत पाय जवळजवळ जागेवर असतात आणि बायका मागे झुकलेल्या, म्हणजे डोकी सगळ्यात बाहेरून फिरतात, नेमका ज्या चेहऱ्याचा फोटो हवा तोच सगळ्यात जोरात. १/२५० शिवाय तो स्पष्ट येणं अवघड, आणि तो वेग हॉलचा उजेड बरा असेल आणि लेन्स एफ २ ला पूर्ण उघडली तरच जेमतेम मिळतो, त्यात पुन्हा पट्ट्यांची भीती. तेव्हा फुगडीचे दोनतीन फोटो मुद्दाम हललेले काढा, पदर आणि गजरे फिरलेले मस्त दिसतात, आणि चेहरा हवा असेल तर फुगडी सुटते तेव्हा तयार राहा, तोल सावरत हसत असतात त्या क्षणी. झिम्म्यात टाळी वाजते तिथे हात क्षणभर थांबतात, तेव्हा दाबा. गाठोडं, बस फुगडी वगैरेत एफ २ वर फोकस धरणं अवघड, अंतर आधीच ठरवून ठेवा.

श्रावणातली हवा दमट, फिल्म फ्रिजमध्ये असेल तर खेळांच्या काही तास आधी बाहेर काढा आणि डबी लगेच उघडू नका, आत दव धरतं.

प्रश्न : एकजण जुनी फुजी नॅचुरा १६०० विकतोय, मुदत कधीच संपलीये. घेऊ का?
– पुणे

उत्तर : नको. ती फिल्म बंद होऊन बरीच वर्षं झाली आणि जितकी वेगवान फिल्म तितकी ती पडून पडून लवकर धुरकट होते, फ्रिजमध्ये ठेवली तरी आसपासचं रेडिएशन थोडंच थांबतं. कपाटात राहिली असेल तर विषयच संपला. प्रयोग म्हणून ठीक, कुणाच्या समारंभाला नाही.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीहून येतोय, ८०० चे रोल मागवले तर एक्सरेने खराब होतील का?
– ठाणे

उत्तर : चेक-इन बॅगेत टाकले तर होतील, तिथला एक्सरे जोरदार असतो. हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत, डब्यांतून बाहेर काढून ठेवायला सांगा आणि हाताने तपासा म्हणून विनंती करायला सांगा. नवे सीटी स्कॅनर असतील तिथे तर हे हवंच, ते हातातल्या सामानालाही सोडत नाहीत. भाऊ विसरभोळा असेल तर इथेच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.