ब्रिटनची डब्ल्यूव्हीएस ही महिला स्वयंसेवी संघटना सुरुवातीला नेमकं काय करायची? नुसता चहा वाटायची का?

नाही. चहा होताच, पण तो कामातला सगळ्यात सोपा भाग. संघटना त्यासाठी निघालीच नव्हती.

मे १९३८ मध्ये गृहमंत्री सॅम्युएल होअर यांनी लेडी रीडिंग यांच्यावर (पुढे त्याच या संघटनेच्या प्रमुख) काम सोपवलं: हवाई हल्ल्यापासून बचावाच्या कामाला, म्हणजे एआरपीला, बायका मिळवून द्या. म्हणून पहिलं नाव ‘विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेस फॉर एअर रेड प्रिकॉशन्स’. १९३९ उजाडल्यावर शेवटचे शब्द बदलून ‘सिव्हिल डिफेन्स’ आले, कारण कामाचा पसारा तोवर बराच वाढला होता.

लेडी रीडिंग यांचं मोठेपण मला रचनेत दिसतं. हुद्दे ठेवलेच नाहीत. मुख्य कार्यालयाचा खर्च गृहखात्याकडे. गावोगावच्या केंद्रांना जागा आणि टेलिफोन स्थानिक कौन्सिलने द्यायचा आणि कामही त्यांनीच सांगायचं. त्यामुळे जिथे कौन्सिलला ‘या बड्या घरच्या बायका काय करणार’ असं वाटे, तिथलं केंद्र रखडत चाले. राखाडी-हिरवा गणवेश फुकट मिळत नसे, स्वतः विकत घ्यावा लागे. ज्यांना परवडत नसे त्या नुसता बिल्ला लावून कामाला येत.

खरी कसोटी लागली सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन दिवसांत. युद्ध सुरू होताना, बॉम्बहल्ल्याच्या भीतीने, सरकारी योजनेतून सुमारे १५ लाख लोक शहरांबाहेर हलवले, त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं. गाड्या भरतील तशा सुटल्या, म्हणून एका गावी अपेक्षित असलेली मुलं भलत्याच गावी उतरली. गावच्या हॉलमध्ये यजमान, म्हणजे मुलांना घरी ठेवून घेणारी कुटुंबं, मुलं निवडत; भावंडांची ताटातूट व्हायची ती इथेच. यजमानांना भत्ता एका मुलामागे आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स, एकाहून जास्त असतील तर प्रत्येकी साडेआठ शिलिंग. त्यात जेवणखाण भागे, बूट नाही. पातळ कॅनव्हासच्या बुटांत आलेल्या पोरांना हिवाळा काढायचा होता. वापरलेले कपडे आणि बूट गोळा करणं, मापानुसार लावणं, दुरुस्त करून देणं हे डब्ल्यूव्हीएसचं मोठं काम इथून वाढलं. मुलं अंथरूण ओली करत तेव्हा यजमानांना ते वाईट वळण वाटे. बहुतेकदा ती भीती असायची, आईपासून तुटल्याची. एकेका घरी जाऊन हे समजावणंही यांच्याच वाट्याला आलं.

१९४० च्या बॉम्बवर्षावात गॅस आणि पाण्याच्या नळ्या फुटल्या की स्वयंपाकच थांबे. त्यासाठी ढिगाऱ्यातल्या विटांची चूल रचायला शिकवत: दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, वर लोखंडी पत्रा, मागे धुराड्याला एखादा नळ. सांधे ओल्या मातीने नीट लिंपायचे. फटी राहिल्या की ओढ तुटते, धूर पुढून येतो आणि मोठ्या भांड्यातलं पाणी उकळता उकळत नाही.

माझ्या मते सर्वांत कमी बोललं जातं ते ‘हाउसवाइव्ज सर्व्हिस’बद्दल. घर आणि लेकरं सोडून जाणं शक्य नव्हतं अशा बायकांची ही शाखा. काम आपल्याच गल्लीत: खिडकीत कार्ड लावायचं, पाण्याच्या बादल्या आणि घोंगड्या तयार ठेवायच्या, वॉर्डन, म्हणजे एआरपीचा गल्लीतला माणूस, येईपर्यंत घाबरलेल्यांना घरात घ्यायचं. शेजारी किती माणसं आहेत, रात्री कोण कुठल्या खोलीत किंवा जिन्याखाली झोपतं, हे त्यांना ठाऊक असे. घर कोसळल्यावर बचाव पथकाला आधी कुठे खणायचं ते त्यांच्याकडूनच कळायचं.