आधी फ्रीझरमधले दोन, मग ते पॅकेज

आपल्या बडोद्यातल्याच मांजलपूरहून विचारलेला तुझा प्रश्न काल रात्री वाचला, सकाळी डबे भरून झाल्यावर परत वाचला. वय 33, यजमान 36, चार वर्षं प्रयत्न, सगळे रिपोर्ट नॉर्मल म्हणून फाइलवर 'अनएक्सप्लेन्ड'. पहिल्या आयव्हीएफला नऊ बीजं निघाली, तीन ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचे एम्ब्रियो, म्हणजे गर्भ) झाले, एक गर्भाशयात सोडला, बीटा (गर्भधारणेची रक्ततपासणी) निगेटिव्ह. आता दवाखान्याने दुसऱ्या सायकलचा 'प्रीमियम' कागद हातात ठेवलाय आणि गुरुवारी अॅडव्हान्स भरायचाय. त्यात सासूबाई म्हणतात, इतका खर्च करण्यापेक्षा आणंदला जाऊन सरोगसीच करा. घेऊ का पॅकेज, असा तुझा सवाल.

मी डॉक्टर नाही. बँकेत काम करते, दांडिया बाजारात राहते, आणि 2008 ते 2012 अशी चार वर्षं याच रांगेत काढली आहेत. इंजेक्शनं फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात, छुंद्याच्या बरणीला टेकून असायची. रात्री नऊला खालच्या चौकात गरब्याची प्रॅक्टिस सुरू झाली की आमचे हे सिरिंज भरायचे. तेव्हा मी एकही प्रश्न विचारला नाही. ती हौस नंतर फिटवली, म्हणजे मुलं शाळेत जायला लागल्यावर.

तर माझा पहिला प्रश्न पॅकेजबद्दल नाहीच. तीन ब्लास्टोसिस्ट झाले, एक सोडला, मग दोन कुठे आहेत? तू त्यांचा उल्लेखही केला नाहीस, आणि तू टाकलेल्या त्या कागदाच्या फोटोतही ते नाहीत. ते बहुतेक द्रव नायट्रोजनच्या टाकीत, उणे 196 अंशावर, तुझ्या नावाची पट्टी लावून बसलेले असतील. कायद्याने दहा वर्षं ठेवता येतात. मग ते असताना पुन्हा दहा-बारा दिवस पोटात सुया, पुन्हा भूल, पुन्हा एग पिकअप, म्हणजे बीजं काढणं, कशासाठी? गोठवलेला एम्ब्रियो सोडायला या सगळ्याची गरज नसते. गर्भाशयाचं अस्तर तयार करायचं, सोनोग्राफीच्या दोन-तीन खेपा घालायच्या आणि ट्रान्सफर. खर्चही नव्या सायकलच्या मानाने कितीतरी कमी. ते दोन्ही संपेपर्यंत तुझी पहिली सायकल 'फेल' झालेली नाही, ती अजून अर्धवट आहे. संशोधनातही हल्ली एका पिकअपमधून निघालेले सगळे एम्ब्रियो वापरून शेवटी मूल झालं का, हाच हिशेब महत्त्वाचा धरतात. एका ट्रान्सफरवर निकाल लावत नाहीत.

आता कागदावरची नावं. फोटोत सात ओळी दिसतात.

पीजीटी-ए, म्हणजे एम्ब्रियोच्या चार-सहा पेशी काढून गुणसूत्रांची मोजणी. ऐकायला पटतं, खराब बाजूला काढा, चांगला सोडा. पण 2021 मध्ये चीनमधल्या 1212 बायकांवर मोठी चाचणी झाली. सगळ्या तुझ्यासारख्याच, 37 पर्यंतच्या आणि किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट असलेल्या. पीजीटी-ए केलेल्या गटात शेवटी मूल झालं 77.2 टक्क्यांना, न केलेल्या गटात 81.8 टक्क्यांना. गर्भपात मात्र तपासणीच्या गटात कमी होते, 8.7 विरुद्ध 12.6 टक्के, हेही सांगायला हवं. वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा चाळिशीला टेकलेल्या बाईचा विचार वेगळा होऊ शकतो, तिथे डॉक्टरांमध्येही वाद आहे. तुझं तसं नाही. शिवाय गोठवलेल्या दोघांची तपासणी करायची तर ते वितळवायचे, पेशी काढायच्या, पुन्हा गोठवायचे. आहेत दोन, त्यांचे हे हाल कशाला? आणि आपल्याकडे 2021 च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याची भाषा अशी की ही तपासणी आधीपासून माहीत असलेल्या आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठीच. तेव्हा नेमक्या कोणत्या कारणासाठी करताय, हे लेखी माग.

इक्सी. यजमानांचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग बीजात शुक्राणू सुईने टोचायची घाई का? 2021 मध्येच व्हिएतनाममध्ये 1064 जोडप्यांवर हे तपासलं. पुरुषाचे शुक्राणू पुरेसे असताना इक्सीने साध्या आयव्हीएफपेक्षा ठरवून सांगावा असा फायदा दिसला नाही. पहिल्या वेळी फलन नीट झालं होतं, तेव्हा ही ओळ खोडायला सांग. यजमानांच्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचं तेच. झिंक आणि फॉलिक अॅसिडवर अमेरिकेत 2370 जोडप्यांची चाचणी झाली, तिचा निकाल 2020 मध्ये आला आणि मुलं होण्यात काही फरक पडला नव्हता. त्यापेक्षा ते जेवणानंतर तंबाखूचा मसाला खात असतील तर तो बंद करायला सांग. तो फुकटात बंद होतो.

ईआरए, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून 'सोडायची खरी वेळ' शोधणं. 2022 च्या अमेरिकी चाचणीत या वेळेनुसार सोडलेल्यांत 58.5 टक्क्यांना आणि नेहमीच्या वेळी सोडलेल्यांत 61.9 टक्क्यांना मूल झालं. टाइम-लॅप्स इन्क्युबेटर, म्हणजे एम्ब्रियोचा सतत फोटो काढणारी पेटी. 2024 मध्ये ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या दीड हजारांवर बायकांच्या चाचणीत तिने मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. पेटी वाईट नाही, लॅबला सोयीची असेल, पण तिचं वेगळं बिल तुझ्या माथी का?

स्क्रॅचिंगवर मात्र मी जरा थांबणार आहे. ते मी करून घेतलंय. 2011 मध्ये ट्रान्सफरच्या आदल्या महिन्यात एक बारीक नळी आत घालून अस्तर खरवडलं होतं. "जखम भरताना अस्तर चिकट होतं" असं सांगितलं. भूल नव्हती. मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली की बोटांवर दोन दिवस वळ होते, आणि घरी येताना रिक्षात न्यायमंदिरापासून सूरसागरपर्यंत एक शब्द बोलले नाही. 2019 मध्ये 1364 बायकांवरच्या चाचणीचा निकाल वाचला. खरवडलेल्यांत मूल होण्याचं प्रमाण 26.1 टक्के, न खरवडलेल्यांतही 26.1 टक्के. दशांश चिन्हापर्यंत तेच. त्या दिवशी मला डॉक्टरांचा राग आला नाही, तेव्हा खरंच छोट्या अभ्यासांवरून तसं वाटत होतं. पण आज, इतक्या वर्षांनी, ते कुणी बिलात लावत असेल तर राग यायलाच हवा.

शेवटची ओळ इंट्रालिपिड आणि प्रेडनिसोलोन. पहिलं म्हणजे सोयाबीन तेलाचं दुधासारखं सलाइन. त्याने मूल होतं असं भरवशाने सांगणारा पुरावा नाही. दुसरं स्टेरॉइड आहे. त्याच्याच जातीचं प्रेडनिसोन ज्यांच्या ट्रान्सफर वारंवार फेल गेल्या अशा 715 बायकांना देऊन चीनमध्ये पाहिलं. 2023 चा निकाल: मूल होण्यात वाढ नाही, उलट बीटा पॉझिटिव्ह येऊन लगेच गळण्याचं प्रमाण जास्त. तुझी तर एकच ट्रान्सफर झालीय. एका ट्रान्सफरला 'वारंवार' कोण म्हणतं?

डॉक्टरांना नेमकं हे विचार: "माझ्या वयात, माझ्या रिपोर्टवर, या ओळीमुळे मूल घरी येण्याची शक्यता कितीने वाढते?" प्रेग्नन्सी रेट नको, बीटा पॉझिटिव्ह नको. जिवंत मूल. ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था या जोड-उपचारांना रंगांची श्रेणी देऊन ती सगळ्यांना वाचायला ठेवते. आपल्याकडे तसं नाही. पण शक्यता, दुष्परिणाम आणि खर्च समजावून सांगणं क्लिनिकला कायद्याने बंधनकारक आहे, आणि तक्रार कक्ष ठेवणंही. भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्रही बघ. लेव्हल 1 म्हणजे फक्त आययूआय (शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडणं), आयव्हीएफला लेव्हल 2 लागते.

आणि किती सोडणार ते आधी ठरव. "दोन्ही सोडूया, चान्स वाढेल" असं म्हणतील. माझ्या वेळी तीन सोडले होते. फॉर्मवर आकड्याची जागा पेन्सिलने भरलेली होती, मी खाली सही केली. दोन राहिले. सगळ्यांनी पेढे वाटले, जुळी म्हणजे एका खर्चात दोन, असा विनोदही झाला. 31व्या आठवड्यात झाली. चाळीस दिवस काचेच्या पेटीत. धाकट्याला आज जाड चष्मा आहे, तो बहुतेक वेळेआधी जन्मल्याचाच. दोघं धडधाकट आहेत, देवाची कृपा, पण शेजारच्या पेट्यांमधली सगळी बाळं घरी गेली नाहीत, तेही मी पाहिलंय. आता सरोगसीच्या 2022 च्या नियमांतही एका वेळी एकच एम्ब्रियो, अपवाद असेल तरच तीनपर्यंत. तुझ्या वयाला एकेक सोडणंच शहाणपणाचं, दुसरा टाकीत थांबेल.

सासूबाईंना समजावून सांग, आणंद आता ते आणंद नाही. आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर परदेशी जोडप्यांची रीघ लागायची. 2008 मध्ये तिथे जन्मलेल्या एका मुलीचे जपानी आई-बाप तिच्या जन्माआधीच विभक्त झाले, आजी तिला घ्यायला आली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 2022 च्या जानेवारीपासून पैसे देऊन सरोगसी बंद. फक्त परोपकारी, सरोगेट विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली, 25 ते 35 मधली, आयुष्यात एकदाच, आणि तिचा 36 महिन्यांचा विमा आपण काढायचा. त्यासाठी वैद्यकीय कारण लागतं, एका निगेटिव्ह बीटावर ते होत नाही. नियमही कसे फिरले बघ. 2023 च्या मार्चमध्ये म्हणे बीज आणि शुक्राणू दोन्ही जोडप्याचेच हवेत. ज्यांना बीजच नाही त्या बायका कोर्टात गेल्या, आणि 2024 च्या फेब्रुवारीत एक दात्याचा चालेल असं झालं. घटस्फोटित किंवा विधवा बाईला मात्र स्वतःचंच बीज हवं. ही सूट जोडप्यांनाच का, हे मला अजून पटलेलं नाही.

बीजदान करणाऱ्या बाईवरही कायद्याने मर्यादा घातली: आयुष्यात एकदा, सातपर्यंत बीजं. डॉक्टर म्हणतात सात फार कमी, बीजं एका जोडप्यालाच देता येतात म्हणून खर्च वाढतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण पूर्वी त्या बायकांच्या अंडाशयांचं काय केलं जायचं, त्यांना पोटात पाणी होऊन कसं अॅडमिट करावं लागायचं, ते मी वेटिंग रूममध्ये ऐकलंय. मी कायद्याच्या बाजूने.

पैशाचं म्हणशील तर आयुष्मान कार्डात हे बसत नाही. गोव्याने 2023 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 च्या नोव्हेंबरमध्ये वंध्यत्वावर पहिलीच मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही परवडणाऱ्या आणि पायरीपायरीने जाणाऱ्या उपचारावर भर आहे. आपल्या पायऱ्या मात्र सरळ तिसऱ्या मजल्यावर उघडतात.

दत्तकाचं तू विचारलं नाहीस, पण घरात कुणी कुजबुजलं असेल म्हणून लिहिते. गंमत वाटते, ज्या बडोद्याची गादी कवळाण्याहून आणलेल्या दत्तक मुलाने, सयाजीरावांनी, नावारूपाला आणली, तिथल्याच मराठी घरांत हा शब्द हळू आवाजात बोलतात. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या आत हवी, तुमची आज 69 आहे. यादी लांब आहे, काही वर्षं लागतात, त्यामुळे मनात असेल तर नोंदणीचा विचार आत्ताच करा.

गुरुवारी अॅडव्हान्स भरू नकोस. आधी लॅबकडून एम्ब्रियोलॉजी रिपोर्ट माग: कितव्या दिवशी गोठवले, ग्रेड काय (4एए, 3बीबी असं काहीतरी लिहिलेलं असेल), आणि टाकीच्या भाड्याची पावती कुठवरची आहे. भाडं थकलं असेल तर आधी ते भर. रिपोर्ट मिळाला की नाव आणि फाइल नंबर झाकून इथे टाक. रविवारी दुपारी मी मोकळी असते.