‘मॅडम, माझ्यात लॉजिकच नाही’

व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण तो बंद करून लिहायला बसलं की हात चालत नाही. प्रोग्रामिंग शिकणारी जी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, त्यातल्या बहुतेकांची तक्रार एवढीच असते. निदानही त्यांनी घरूनच करून आणलेलं असतं: ‘माझ्यात लॉजिकच नाही.’

त्यातलीच ही एक मुलगी, फलटणकडची. (तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) गणितात बीएस्सी, मग पुण्यात कॉट बेसिसवर राहून जावा या प्रोग्रामिंग भाषेचा सहा महिन्यांचा क्लास. सर्टिफिकेट मिळालं, आणि पहिल्याच मुलाखतीत कागदावर जावातला एक साधा ‘क्लास’ (एका प्रकारच्या वस्तूची माहिती आणि कामं एकत्र मांडणारा कोडचा साचा) लिहायला सांगितल्यावर तिला घाम फुटला. खोलीवर येऊन तिनं इंटरनेटवरून ९० दिवसांचं वेळापत्रक उतरवून घेतलं आणि भिंतीला चिकटवलं. माझ्यासमोर बसली तेव्हा त्या वेळापत्रकाची तिसरी खेप चालू होती.

मी वह्या मागितल्या. मुलं समुपदेशनाला येताना वह्या आणत नाहीत, म्हणून हल्ली मी फोनवरच सांगून ठेवते. तीन वह्या निघाल्या. तिन्हींची पहिली पंचवीसेक पानं जवळजवळ सारखी: व्हेरिएबल, इफ-एल्स, फॉर लूप, चांदण्यांचा त्रिकोण छापायचा प्रोग्राम. आणि तिन्ही सतराव्या-अठराव्या दिवशी थांबलेल्या. एकदा ताप आला, एकदा चुलतभावाचं लग्न, एकदा नुसताच कंटाळा. एक दिवस बुडाला की तिच्या लेखी वेळापत्रक मोडायचं, मग पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. फॉर लूप ती तीनदा शिकली होती आणि क्लास आणि त्या साच्यातून घडणारं ऑब्जेक्ट, यांच्या उंबरठ्यावरून तीनदा माघारी फिरली होती.

“एन्कॅप्सुलेशन म्हणजे काय गं?” मी विचारलं. समुपदेशनात येण्याआधी मी बरीच वर्षं कॉलेजात संगणक शिकवलाय, त्यामुळे हा प्रश्न विचारायची खोड जात नाही. उत्तर धडाधड आलं. व्याख्या (माहिती क्लासच्या आत झाकून ठेवायची, बाहेरून थेट बदलू द्यायची नाही), चार फायदे, वर औषधाच्या कॅप्सूलचं उदाहरण.

“आणि ते लागतं कशाला?”

गप्प.

“घरी जनावरं आहेत?”

“दोन गाई, एक म्हैस.”

“दूध घालता तिथल्या पावतीवर काय काय असतं?”

हे तिनं न थांबता सांगितलं. तारीख, सकाळ की संध्याकाळ, सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), दर, रक्कम. मी कागदावर लिहून घेत गेले. मग विचारलं, फॅटच्या रकान्यात चुकून ४० पडलं तर? ती हसली. “चाळीस कसं पडेल मॅडम? गाईचं साडेतीन-चार, म्हशीचं सहा-सात.” हे तुला माहीत आहे, म्हटलं, प्रोग्रामला कुणी सांगायचं? तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. दहा मिनिटांत ‘दूधनोंद’ नावाचा क्लास कागदावर उतरला. फॅट प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून हात न लावता येणारं, आणि ते भरायला एक मेथड (क्लासनं करायचं एक काम), जी भलता आकडा आला तर नोंद नाकारते. दोन सेमिकोलन राहिले होते, ते मी दाखवले नाहीत. कॅप्सूलच्या गोळीनं जे सहा महिन्यांत झालं नव्हतं, ते एका पावतीनं झालं.

या गोष्टीचं मला आश्चर्य वाटत नाही. ऑब्जेक्टची कल्पनाच मुळी खऱ्या जगातली कामं संगणकावर मांडायच्या खटपटीतून आली. ओस्लोमध्ये १९६० च्या दशकात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी सिम्युला ही भाषा बनवली, ती अशा व्यवहारांची नक्कल संगणकावर उतरवण्यासाठीच. त्याच कल्पनेवर उभी असलेली जावा आली १९९५ मध्ये. आपल्याकडे मात्र मुलांना आधी ऑब्जेक्टवाल्या प्रोग्रामिंगची चार तत्त्वं, म्हणजे ‘चार स्तंभ’, पाठ करायला लावतात आणि त्यावर घर कुणाचं बांधायचं ते सांगायचं राहूनच जातं.

नवं वेळापत्रक आम्ही दोघींनी मिळून केलं, १६ आठवड्यांचं. आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास. शनिवार रिकामा ठेवला, बुडालेल्या दिवसाच्या भरपाईसाठी. रविवारी लॅपटॉप उघडायचाच नाही. पहिला दिवस पुन्हा कधीही येणार नाही, ही एकच अट मी लाल शाईनं लिहिली. बुडालं तर बुडालं, पुढच्या पानावर जायचं.

दोन तासांत व्हिडिओला जास्तीत जास्त २५ मिनिटं. मग तो बंद करायचा आणि तेच पुन्हा न बघता लिहायचं. अडलं तर अडू द्यायचं. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला कालचा प्रोग्राम आठवून कोऱ्या फाइलमध्ये, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. यावर ती कुरकुरली, “यात तर वेगच नाही मॅडम.” खरंय, मंद वाटतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग मी तिला सांगितले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा धडा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. मुलाखत काही व्हिडिओ संपल्यावर पाच मिनिटांनी होत नाही.

विषयांची वाटणी सरळ होती. जुनं सगळं एका आठवड्यात उरकायचं, कारण ते तिला येतच होतं. मग तीन आठवडे क्लास, ऑब्जेक्ट, कन्स्ट्रक्टर. दोन आठवडे इनहेरिटन्स (एका क्लासनं दुसऱ्याकडून वारशानं गुण घेणं) आणि इंटरफेस. मग कलेक्शन्स, एक्सेप्शन, फाइल, डेटाबेस, शेवटचे दोन आठवडे मुलाखतीची तयारी. गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवायचं साधन, दुसऱ्या आठवड्यापासूनच. प्रत्येक आठवड्याच्या शेवटी दूध डेअरीच्या त्याच प्रोग्राममध्ये एक तरी नवी गोष्ट चालू झालेली दिसली पाहिजे. नवा प्रकल्प घ्यायचा नाही. जावाची कुठली आवृत्ती, हा प्रश्न तिनं दोनदा विचारला, तर २१ घे आणि विसर, म्हटलं. स्प्रिंग बूट (जावात वेबसाठीचे प्रोग्राम बांधायची तयार चौकट) आधी शिकू का, यालाही नाहीच म्हणाले. एआयकडून कोड लिहून घ्यायचा नाही, पण आपल्या कोडमध्ये काय चुकलं असेल ते विचारायला हरकत नाही, तेही अर्धा तास स्वतः झगडल्यावर.

सहाव्या आठवड्यात ती आली ती वैतागून. इनहेरिटन्स शिकली होती आणि हाती हातोडी आल्यासारखी सगळीकडे ठोकत सुटली होती. तिच्या कोडमध्ये ‘सभासद’ हा क्लास ‘दूध’ या क्लासचा वारस होता, कारण सभासदाला लिटर आणि फॅट दोन्ही लागतात. मी एवढंच विचारलं, “सभासद हे एक प्रकारचं दूध आहे का?” तिनं स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोघीही हसत सुटलो. गाईचं दूध हे दूध, म्हशीचं दूध हे दूध. दर काढायची मेथड दोघांची वेगळी. सभासदाकडे फक्त नोंदींची यादी. एकाच नावाची मेथड प्रत्येक क्लासमध्ये आपापल्या रीतीनं चालते, ते पॉलिमॉर्फिझम तिला त्या दिवशी कळलं असावं, मी मुद्दाम विचारलं नाही.

तिला मी एक पातळ वही दिली होती, अडकल्याची वही. एरर काय आला, मला काय वाटलं, निघालं काय, असे तीन रकाने. नवव्या आठवड्यातलं एक पान मी तिच्याकडून मागून घेतलंय. चाचणीसाठी तिनं २०० खोटे सभासद घातले होते. क्रमांकावरून सभासद शोधला की १२७ पर्यंत बरोबर सापडायचे, १२८ पासून कुणीच नाही. दोन दिवस ती यात होती. मधल्या रकान्यात लिहिलंय: ‘लूप चुकला? यादी भरली? माझंच डोकं चुकलं?’ निघालं असं की क्रमांक तिनं इंटिजर (पूर्णांक) ऑब्जेक्ट म्हणून ठेवले होते आणि तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी केली होती. ती चिन्हं किंमत बघत नाहीत, दोन्हीकडे तेच ऑब्जेक्ट आहे का ते बघतात. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर जावा तयार ठेवते आणि तेच तेच पुन्हा वापरते, म्हणून तिथवर चूक झाकली गेली. तुलना किंमत बघणाऱ्या ‘इक्वल्स’नं केल्यावर २०० च्या २०० सापडले. तिसऱ्या रकान्याखाली तिनं तारीख घालून दोन रेघा मारल्यात.

त्या पानानंतर ‘लॉजिक नाही’ हा शब्दप्रयोग तिच्या तोंडून मी ऐकलेला नाही. मीही तो विषय काढला नाही.

१६ आठवड्यांचे १९ झाले. मध्ये कांदा काढायला ती गावी गेली होती. दोन मुलाखती झाल्यात. पहिलीत लेखी फेरीतच अडली, दुसरीत तांत्रिक फेरी निघाली आणि पुढचं कळायचंय. नोकरीसाठी वडिलांनी दिलेल्या मुदतीत अजून पाच महिने आहेत.

मागच्या आठवड्यात त्या वडिलांचाच फोन आला. पोरीनं घरच्या पावत्यांवरून दहा दिवसांचं बिल स्वतःच्या प्रोग्राममध्ये काढलं होतं आणि ते डेअरीच्या बिलाशी जुळत नव्हतं.

“मॅडम, डेअरीनं आठ रुपये जास्ती दिल्यात म्हणती. परत करायला लागतील का?”

मी तिला फोन लावला. तोवर तिला चूक सापडलीही होती. दराचा तक्ता तिनं फॅट ३.० पासून दर वेळी ०.१ मिळवत भरला होता. संगणकाला ०.१ हुबेहूब साठवता येत नाही, त्यामुळे तक्त्यातलं साडेतीन केसभर मोठं झालेलं, आणि पावतीवरचं खरं साडेतीन एक पायरी खालच्या दरात पडत होतं. आता ती फॅट ३५ असं पूर्णांकात ठेवते.

“वडिलांना सांगितलंस का?”

“नाही अजून,” ती म्हणाली. “ते आठ रुपये वेगळे काढून बसलेत.”