राजानं कडक भाकरी पळवली, आता गड्ड्याला काय करायचं?

पत्र, थोडक्यात: "आम्ही सोलापूरला सिद्धेश्वर पेठेत राहतो. गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, दोन्ही नणंदा मुलाबाळांसह राहायला येतात. घरात राजा (गावठी कुत्रा, १२ किलो) आणि मनी (मांजर). मागच्या भोगीआधी सासूबाईंनी करून ठेवलेली कडक भाकरीची चवड राजानं अंगणात ओढत नेली, वर शेंगाचटणीचा डबा चाटून लख्ख केला. संक्रांतीला मनी तीळगुळाच्या परातीतून चालत गेली आणि पंजा भाजून घेतला. किंक्रांतीला यात्रेच्या दारूकामाला (आतषबाजीला) राजानं पलंगाखाली शिरून गादी फाडली. सासूबाई म्हणतात, यंदा गड्ड्याआधी दोघांना गावाकडं सोडून या. ह्यांनी पेपरात डोकं घातलंय. मी काय करू? – दोन्हीकडून अडकलेली सून"

ताई,

आधी 'सोडून या'चा निकाल लावू. पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय पेठेत वाढलेलं कुत्रं दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडलं, तर तिथली कुत्री त्याला सुखानं राहू देत नाहीत. पण हे सासूबाईंना ऐकवू नका. त्यांचा राग राजावर कमी आणि वाया गेलेल्या कष्टावर जास्त आहे. चाळीस भाकरी थापून, एकेक मंद आचेवर कडक करून कंबर मोडलेली बाई अंगणात तुकडे बघते, तेव्हा तिला कायदा नको असतो. तिथं राजाची वकिली केलीत की पुढचे चार दिवस घरात कुणी कुणाशी बोलणार नाही. यंदा भाकरी राजाच्या तोंडाला लागणार नाही एवढं करून दाखवा.

घोळ होतो तो असा. कडक भाकरी गरम असताना डब्यात कोंडली की वाफेनं मऊ पडते, म्हणून ती बराच वेळ उघडी ठेवावी लागते. ओटा असतो पावणेतीन फुटांचा. १२ किलोचं कुत्रं मागच्या पायांवर उभं राहिलं की त्याचं तोंड ओट्याच्या कडेला लागतं. म्हणजे आपण ताट वाढून ठेवतो आणि जेवल्याबद्दल त्याला रागावतो. छताला हूक असेल तर जुनं शिंकाळं काढा आणि दुरडी जमिनीपासून ६ फुटांवर टांगा. राजासाठी एवढं पुरे. मनी मात्र फ्रिजवरून झेप घेईल, म्हणून फ्रिज, कपाट, खिडकीची चौकट यांपासून दुरडी तिची झेप पोचणार नाही इतकी लांब हवी. हूक नसेल तर आतल्या खोलीत खाटेवर सुती कापड पसरा, पंखा लावा आणि दाराला बाहेरून कडी घाला. पूर्ण गार झाल्या की पत्र्याच्या डब्यात भरा आणि झाकणावर वरवंटा ठेवा.

खबरदारी म्हणून बाजारातून दोन डझन कडक भाकरी आणून ठेवायला हरकत नाही. पण त्या सासूबाईंच्या चवडीत गुपचूप सरकवू नका, पहिल्या घासाला पकडल्या जातील.

चटणीचं प्रकरण भाकरीपेक्षा गंभीर आहे. शेंगाचटणीत लसूण असतो, आणि लसूण-कांद्यानं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. राजानं बोटभर चाटली तर घाबरू नका, पाणी भरपूर ठेवा. अर्धी वाटी गेली असेल तर पशुवैद्याला लगेच फोन करा. लक्षणं त्याच दिवशी दिसतीलच असं नाही, बऱ्याचदा दोन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या फिकट, लघवी लालसर-तपकिरी, कुत्रं निपचित. मांजराला लसूण आणखी कमी सोसतो. बेदाण्यांचंही तसंच. आपल्या जिल्ह्यात ते किलोनं घरात येतात, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते घातक ठरू शकतात आणि किती खाल्ले तर चालतील याचा भरवशाचा आकडा नाही. मूठभर खाल्ले की दोन तासांच्या आत दवाखाना गाठा, उलटी करवायची वेळ तेवढीच असते. मिठाचं पाणी पाजून घरीच उलटी काढायचा उद्योग कुणालाही करू देऊ नका. त्या मिठानंच जनावर दगावू शकतं.

आता मनी आणि पाक. तीळगुळाचं माप साधारण असं धरा: पाव किलो भाजलेले तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट, दोन चमचे तूप. पाण्यात टाकलेल्या थेंबाची कडक गोळी वाजली की पाक झाला. त्या वेळी तो उकळत्या पाण्याहून बराच जास्त तापलेला असतो, आणि चिकट असल्यानं कातडीवरून ओघळतही नाही. त्यात मिश्रण पाच-सात मिनिटांत आवळतं, म्हणून लाडू वळणारीला मधे उठता येत नाही. हात तुपानं माखलेले, परात खाली, आणि मनी नेमकी तेव्हा येते. तिला हाकलायची वेळ निघून गेलेली असते, म्हणून गूळ गॅसवर चढायच्या आधीच मनी खोलीत आणि खोलीला कडी. सोबत तिचं पाणी आणि वाळूचा ट्रे ठेवा, नाहीतर ती दारावर बसून अख्ख्या वाड्याला हाका मारील.

तरीही पंजा भाजला, तर चिकटलेला पाक ओरबाडू नका, त्याबरोबर कातडी निघते. नळाचं साधं गार पाणी १०-२० मिनिटं पंजावर सोडा. त्यात पाक निवतो आणि गूळ हळूहळू विरघळूनही जातो. बर्फ, हळद, तेल, टूथपेस्ट यांतलं काही नको, ती ते सगळं चाटणार. मग कोरड्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून दवाखान्यात न्या. माणसाची दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला जिवावर बेततं. ज्या परातीत ती चालली ते मिश्रण मात्र टाकून द्या. केस निवडून वळायची काटकसर नणंदेच्या मुलांच्या पानात नको.

बोरन्हाण असेल तर हल्ली त्यात चॉकलेटं घालतात, ती मुलांनी वेचून संपवल्याशिवाय राजाला आत घेऊ नका. हलव्याच्या दागिन्यांचा दोरा मनीच्या तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतडं कापलं जातं. थेट डॉक्टरकडे.

दारूकामाची तयारी आठवडाभर आधी सुरू करा. सिद्धेश्वर पेठेतून दारूकामाचं होम मैदान हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आवाज टाळता येणार नाही, कमी करता येईल. किंक्रांतीला राजाला ऊन असतानाच फिरवून आणा, पट्टा घट्ट, गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर. जेवण लवकर द्या. मधल्या खोलीत खिडक्या लावून जुन्या सोलापुरी चादरी घाला, टीव्ही मोठ्यानं लावा. तो पलंगाखाली गेला तर बाहेर ओढू नका, ती त्याची निवडलेली जागा आहे. तिथली गादी तेवढी आधी काढून ठेवा. फारच घाबरत असेल तर औषध पशुवैद्याकडूनच, आणि आधीच एकदा देऊन बघा. घरातली झोपेची गोळी नको.

त्या खोलीत त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं, आणि ते तुम्ही नाही. पेपर वाचणाऱ्यांना तिथंच बसवा, पेपर तिथंही वाचता येतो. सासूबाईंचा हात धरा, दोन्ही नणंदांना घ्या आणि दारूकाम बघायला होम मैदानावर जा.