चांदणी लावली तर पाप लागतं का?

दिवाळी झाली की हा प्रश्न घेऊन ख्रिस्ती घरातलं कुणीतरी येतंच. ख्रिसमस मूळचा मूर्तिपूजकांचा सण आहे म्हणे, मग करायचा का नाही, झाड लावायचं का, चांदणी म्हणजे नाताळचा ताऱ्याचा कंदील लावला तर पाप लागतं का. पूर्वी वर्षातनं एखादा यायचा, आता मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून लई येतात. मी पाळक म्हणजे चर्चची पास्टर नाही, सोलापुरात समुपदेशन करते, त्यामुळं माझ्याकडं माणसं बायबलच्या वचनाचा अर्थ विचारायला कमी आणि घरातलं भांडण घेऊन जास्त येतात. त्यातली एक केस सांगते, घरच्यांना विचारून आणि ओळख लागणार नाही एवढं बदलून.

आधी सूनबाई एकटीच आली. बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, ह्यांनी घरात काय चालवलंय बघा की ओ." नवरा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, माणूस सरळ, दर रविवारी उपासनेला जाणारा. दोन-तीन महिन्यांपासून घरातली एकेक वस्तू काढून टाकायचं सुरू होतं. रांगोळीचे डबे गेले, शेजाऱ्यांनी दिलेला आकाशकंदील गेला, सासूबाईंच्या माहेरची समई भंगारात गेली, आणि आता यंदा नाताळ नाही, करंज्या नाहीत, नाताळची गाणी म्हणत फिरणारी कॅरलवाली पोरं आली तर दार उघडायचं नाही असा हुकूम. ते पण एकवेळ चाललं असतं, पण त्यानं चांदणी गच्चीत नेऊन टाकली. ती चांदणी वारलेल्या सासऱ्यांनी बांबूच्या कामट्यांची स्वतः बांधलेली होती, दरवर्षी फक्त कागद नवा लावायचा, आणि वर्षभर ती जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर असायची. सासूबाईंनी ती रात्रीच गच्चीतनं परत आणली, कॉटखाली सारली आणि मुलाशी बोलणं बंद केलं.

पुढच्या आठवड्यात तो आला, मोबाईलमध्ये मुद्द्यांची यादी घेऊन. आणि इथं माझी चूक झाली ती सांगितलीच पाहिजे.

मी त्याला इतिहास शिकवत बसले. त्याचा पहिला मुद्दा 25 डिसेंबर हा रोमी लोकांच्या सूर्यदेवाचा दिवस. मी म्हटलं, सम्राट ऑरेलियननं 274 साली रोममध्ये त्या सूर्यदेवाचं देऊळ उभारलं हे खरंय, पण ख्रिस्तजन्माची 25 डिसेंबर ही तारीख आणि त्या तारखेचा सूर्यदेवाचा जन्मदिवस हे दोन्ही आपल्याला 354 सालच्या एकाच रोमी पंचांगात सापडतात, कुणी कुणाचं उचललं ह्यावर अभ्यासकांचंच एकमत नाही, काहीजण तर म्हणतात 25 मार्चला गर्भधारणा धरून पुढं नऊ महिने मोजले. दुसरा मुद्दा बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातलं झाड, म्हणजे ख्रिसमसच्या झाडाला तिथंच मनाई आहे म्हणे. तो अध्याय काढून दाखवला, तिथं सुतार लाकूड तासून मूर्ती घडवतो, सोन्या-चांदीनं मढवतो, हलू नये म्हणून खिळे ठोकतो, सणासाठी झाड सजवण्याचा तिथं विषयच नाही, आणि ख्रिसमसचं झाड तर जर्मनीत सोळाव्या शतकाच्या आसपास दिसायला लागतं. मग मला जास्तच चेव आला. म्हटलं मुळंच खणायची तर रविवार म्हणजे तरी काय ओ, रवी म्हणजे सूर्यच ना, उपासना बंद करणार का? तुमच्यासारखे आधी पण होऊन गेलेत म्हटलं, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन म्हणजे कडक प्रोटेस्टंट लोकांनी 1659 साली ख्रिसमस करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता, 1681 ला तो कायदा काढावा लागला, आणि ज्या अमेरिकन मराठी मिशननं आपल्या सोलापुरात काम केलं ते मिशन पाठवणारी बोस्टनकडची मंडळी म्हणजे त्याच परंपरेतली, तरी आज त्यांनी रुजवलेल्या चर्चच्या मंडळ्यांत नाताळ जोरात असतो.

सगळं बरोबरच सांगितलं होतं. तो सगळं ऐकून "बरं मॅडम" म्हणाला, उठला, आणि तीन आठवडे आलाच नाही.

बायकोनं कसाबसा परत आणला. ह्यावेळी मी यादी काढूच दिली नाही, एवढंच विचारलं, हे नेमकं कधीपासून सुरू झालं. बराच वेळ मोबाईल चाळत बसला, मग एक फोटो पुढं केला. सात वर्षांच्या पोरीचा हात, सलाईन लावलेला, सुई हलू नये म्हणून खाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा बांधलेला. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता, प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या होत्या. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये प्रार्थनेला आलेला कुणीतरी म्हणून गेला, तुमच्या घरात काहीतरी अशुद्ध आहे, शोधा. हा रात्री घरी गेला आणि कंदील, रांगोळी सगळं बाहेर टाकून आला. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट वाढल्या. "तेव्हापासून थांबताच येईना मॅडम. अजून काही राहिलं असलं तर?"

डेंग्यूचा डास कुठल्या सणाचा होता ओ, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. गिळलं. एकदा जिंकून बघितलं होतंच की.

त्याच्याकडं एक आवडतं वचन होतं, बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय, तुम्ही दिवस, महिने, सणाचे काळ आणि वर्षं पाळता, तुमच्यासाठी केलेले श्रम फुकट जातील अशी भीती वाटते, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल रागावून म्हणतो ते. ह्यावरनंच त्यानं नाताळ बंद केला होता. मी म्हटलं तेच वाचू, फक्त अध्यायाच्या सुरुवातीपासून. तिथं पौल दास आणि पुत्र हा फरक सांगतोय, तू आता दास नाहीस, पुत्र आहेस. म्हटलं, दिवस पाळला नाही तर देव मारेल म्हणून पाळणारा दास, हे पटतं ना? मग दिवस पाळला तर देव मारेल म्हणून न पाळणारा कोण? तो गप्प. मग विचारलं, पोरगी शाळेतनं चूक करून आली तर तुम्ही तिला डेंग्यू देता का? त्यानं पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं, पाणी काही प्यायला नाही. कृपा ह्या शब्दावर तासभर बोलता आलं असतं मला, पण त्या दिवशी नाही बोलले.

त्यानंतर सासूबाईंना बोलावलं, आणि त्यांना ते आवडलं नाही, कारण त्यांना वाटत होतं मी त्यांच्या बाजूची. त्यांनी पाहुण्यांसमोर त्याला "मोठा शास्त्री-परुशी आलाय" म्हणून, म्हणजे बायबलमधल्या ढोंगी धर्मपंडितांची उपमा देऊन, हिणवलं होतं. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल दोघांनाही धरतो, खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. आपल्याकडं दुसरं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पहिलं कुणी वाचत नाही. म्हटलं, आजी, त्याच्या मनाला झाड पटत नसलं तर जबरदस्तीनं लावलेल्या झाडानं तुमचा नाताळ होणार आहे का? माझ्या स्वतःच्या घरी नवी पेठेतनं आणलेलं प्लास्टिकचं झाड आहे, मला त्यात काही वाटत नाही, पण माझं मोकळेपण त्याच्या गळ्यात मारायचा मला काय अधिकार.

शेवटी ठरलं ते असं, झाड नाही, करंज्या होतील, कॅरलवाल्यांना चहा, आणि चांदणी त्यानं स्वतः लावायची. हे मी सुचवलं नव्हतं, तोच म्हणाला, तारा तर मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माच्या गोष्टीत आहेच. समई काही परत मिळाली नाही. तिचं दुःख आजींना अजून आहे आणि ते मी पुसायचा प्रयत्नही केला नाही.

जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीच्या दिवसांत, त्याचा फोन. शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन दारात उभ्यायत, घेऊ का? हसू आलं, पण प्रश्न खराच होता, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाला हाच प्रश्न होता. पुढं ठेवलेलं चौकशी न करता खावं, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नये, आणि पूजेच्या पंगतीत जाऊन बसू नये. मी विचारलं काकू काय म्हणाल्या. म्हणाला, गोड बोला म्हणाल्या. मग घ्या की, म्हटलं, काकूंना किती वेळ उभं करताय.

फेब्रुवारीत त्या बाजूला गेले होते म्हणून डोकावले. चांदणी गॅलरीत तशीच, एका टोकाचा कागद उन्हानं पांढरा पडलेला. म्हटलं, आजी, आता काढा की ती. पोळपाटावरनं मान वर न करता म्हणाल्या, "मी नाय काढणार. त्यानं लावलीय, त्यानंच काढावी."