पेट स्कॅन का नको म्हणाले?

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीच्या (वय ५४) स्तनात दीड सेंटिमीटरची गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला. काखेत काही हाताला लागत नाही, सोनोग्राफीही स्वच्छ. आम्ही पेट स्कॅन करा म्हणतोय तर सर्जन म्हणतात गरज नाही, आणि वर ऑपरेशनच्या सकाळी किरणोत्सर्गी इंजेक्शन मात्र देणार! हे उलटंच नाही का? घरात दोन वर्षांचा नातू आहे.

उत्तर : उलटं वाटतं खरं, पण डॉक्टरांचं बरोबर आहे. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं औषध शिरेतून देतात, तासभर शांत पडून राहायचं, मग ज्या पेशी साखर जास्त खातात त्या फोटोत चमकतात. आता साखर काय फक्त कॅन्सरच खातो का, मेंदू खातो, सूज असलेली जागा खाते, जुना टीबीसुद्धा चमकतो, आणि काही मिलिमीटरचा कॅन्सर मात्र बऱ्याचदा दिसतच नाही. लोब्युलर प्रकारचा (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणारा) कॅन्सर तर मोठा असूनही फिका दिसू शकतो. म्हणजे ताईंसारख्या लहान गाठीत स्कॅन क्लीन आला तरी काखेची खात्री नाही, आणि भलतंच काही चमकलं की त्याची बायोप्सी, पुन्हा आठवडाभर घरभर टेन्शन. गाठ मोठी असेल, काखेत पसरलेलं असेल किंवा हाडं सतत दुखत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे पेट किंवा बोन (हाडांचा) स्कॅन सांगतातच. (बोन स्कॅनमध्ये झिजलेले गुडघेही काळे दिसतात, रिपोर्ट वाचून घाबरून फोन करणारे पुष्कळ असतात!)

आता ते इंजेक्शन. त्यात टेक्नेशियम नावाचं किरणोत्सर्गी द्रव्य असतं, ते स्तनाग्राजवळ देतात, मग स्तनातला लसीकेचा (लिम्फ या पातळ द्रवाचा) प्रवाह काखेतल्या ज्या लसीका ग्रंथीकडे (प्रत्येकाच्या काखेत असतातच त्या छोट्या गाठींपैकी एकीकडे) सगळ्यात आधी जातो तिथे ते जाऊन बसतं. ऑपरेशनमध्ये सर्जन पेनासारखा प्रोब (किरणं ओळखणारं यंत्र) काखेवरून फिरवतात, त्या जागी आला की टूं टूं वाढतं, तेवढ्याच एकदोन गाठी काढून तपासायला पाठवायच्या. या पहिल्या गाठीलाच सेंटिनल नोड म्हणतात. ती स्वच्छ निघाली तर पूर्ण काख साफ करायची वेळ येत नाही, त्यामुळे पुढे हात सुजायचा धोका खूपच कमी होतो. कसलाही स्कॅन हे काम करू शकत नाही हो, कारण इथे गाठ प्रत्यक्ष मायक्रोस्कोपखाली बघतात.

नातवाचं म्हणाल तर डोस अगदी थोडा असतो, टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, २४ तासांनी सोळावा हिस्सा उरतो. ताई घरी येतील तेव्हा बाळाला खुशाल जवळ घेऊ देत, फक्त टाक्यांवर लाथ बसणार नाही असं बघा. आणि सोबत निळा रंगही टोचला तर एकदोन दिवस लघवी हिरवी-निळी होते, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री दोनला तुम्हालाच उठवतील.