फिल्टर बसवूनही विहिरीचं पाणी तांबूसच. पैसे परत मिळतील का?

प्रश्न : पन्हाळा तालुक्यात, जांभ्याच्या पट्ट्यात आमचं घर आहे. विहिरीचं पाणी उपसताना स्वच्छ दिसतं, पण तासाभरात बादलीत तांबूस होतं. एका विक्रेत्याकडून 46,500 रुपयांचा आयर्न रिमूव्हल फिल्टर (13 इंची टाकी) बसवून घेतला. कोटेशनवर ‘लोह 0.3 पेक्षा कमी, एक वर्ष गॅरंटी’ असं आहे. पैसे यूपीआयने दिले, पक्कं बिल मिळालं नाही. चार महिन्यांत फरशी आणि कपडे पुन्हा पिवळे पडू लागले. विक्रेता म्हणतो, तुम्ही बॅकवॉश (पाणी उलट सोडून फिल्टर धुणं) करत नाही. मी रिकाम्या पाणीबाटलीतून फिल्टरचं पाणी तपासायला दिलं, तर लोह 0.8 आलं. आता तो म्हणतो, हे सरकारी मर्यादेत आहे. घरच्या चार म्हशींनाही हेच पाणी लागतं, म्हणून ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असंही ऐकवतो. कोटेशनखाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘वाद पुणे न्यायालयाच्या कक्षेत’ असं छापलंय. काय करू?

उत्तर : आधी एक गोष्ट थांबवा. विक्रेता ‘मीडिया (टाकीतला गाळणारा थर) बदलून देतो’ म्हणून आला तरी नमुने घेतल्याशिवाय टाकी उघडू देऊ नका. टाकीतला माल हाच तुमचा पुरावा आहे.

तुमचं प्रकरण कलमांपेक्षा पाण्याच्या नमुन्यावर उभं राहील किंवा पडेल, आणि सध्या तुमच्या हातातला अहवाल तुमच्याच विरोधात वापरला जातोय. विहिरीतून येताना लोह पाण्यात विरघळलेलं असतं, म्हणून पाणी स्वच्छ दिसतं. हवा लागली की त्याचं ऑक्सिडेशन होऊन तांबडा गाळ बनतो. साध्या बाटलीत दोन-तीन दिवस पाणी राहिलं तर हा गाळ तळाला आणि बाटलीच्या भिंतींना चिकटतो. प्रयोगशाळेने वरचं पाणी घेतलं तर आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. एकूण लोहासाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल) 2 च्या खाली आणावा लागतो. अशी बाटली प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या आणि ती विसळू नका, आतलं आम्ल निघून जाईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या ठिकाणी द्या. नळ पाच-दहा मिनिटं सोडून, एकाच दिवशी, एक नमुना फिल्टरच्या आधीच्या तोटीतून आणि एक नंतरच्या तोटीतून घ्या. पीएचसाठी वेगळी, आम्लाविना बाटली. जमल्यास तो जागेवरच मोजून घ्या, कारण वाटेत बदलतो. मँगनीजही तपासायला सांगा. जांभ्याच्या भागात पाणी बहुधा आम्लाकडे झुकतं, आणि कमी पीएचला लोहाचं ऑक्सिडेशन फार मंद होतं. अशा पाण्याला पीएच न वाढवता नुसती मीडियाची टाकी बसवली असेल, तर दोष तुमच्या निगेचा नाही, निवडीचा आहे.

आता ‘सरकारी मर्यादा’. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 : 2012 या मानकात लोहाची मर्यादा लिटरला 0.3 मिलिग्रॅम होती. 2015 च्या दुरुस्तीने ती 1.0 झाली. म्हणजे विक्रेत्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण त्याने तुम्हाला मानक विकलं नाही, ‘0.3 पेक्षा कमी’ असं लिहून दिलं. डाग साधारण 0.3 च्या वर पडू लागतात, म्हणूनच तर तो आकडा कोटेशनवर आला. लेखी कबुलीपेक्षा माल कमी उतरला तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तो दोष ठरतो. शिवाय काय हवंय हे सांगून तुम्ही त्याच्या जाणकारीवर विसंबलात, त्यामुळे मालविक्री कायदा, 1930 चं कलम 16 लागू होतं : माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. बसवण्याआधी त्याने पाणी तपासलं नसेल, तर तक्रारीत हे ठळक लिहा.

बॅकवॉशचा आरोप कोर्टात हमखास येणार. त्याचं उत्तर एका बादलीने मिळतं. व्हॉल्व्ह बॅकवॉशवर टाकून बाहेर पडणारं पाणी 20 लिटरच्या बादलीत घ्या, सेकंद मोजा, मोबाइलवर चित्रीकरण करा. 13 इंची टाकीतला मीडिया उचलून धुवायला मिनिटाला साधारण 35 लिटरचा प्रवाह लागतो, मीडियानुसार कमी-जास्त. बादली 35 सेकंदांच्या आसपास भरायला हवी. दीड मिनिट लागलं, तर तुमचा पंप या टाकीला पुरतच नाही, आणि पंप बघून टाकी ठरवणं हे विक्रेत्याचं काम होतं. आजपासून वहीत बॅकवॉशच्या तारखा लिहा. मागच्या तारखा मात्र अंदाजाने भरू नका, उलटतपासणीत वही उघडी पडते.

म्हशींचा मुद्दा किरकोळ आहे. ‘व्यापारी हेतू’ असेल तर ग्राहक म्हणून संरक्षण मिळत नाही हे खरं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून केलेला वापर त्यातून वगळला आहे. तुमच्या घरी तर मुख्य वापर घरगुतीच आहे. व्यापारी हेतू होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी विरोधी पक्षावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये श्रीराम चिट्स प्रकरणात सांगितलं आहे.

पुण्याच्या ओळीने घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 नुसार तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. ‘माल परत घेणार नाही’ हा शिक्काही कायद्यापुढे टिकत नाही : सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही कलम 2(47) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. तेव्हा पक्कं बिल नाही म्हणून रडू नका, तो वेगळा मुद्दा म्हणून मांडा. यूपीआयचा व्यवहार आणि बँकेचं विवरण पैसे दिल्याचा पुरावा म्हणून पुरेसं आहे. व्हॉट्सॲपचे संदेश छापून जोडाल तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र सोबत द्या आणि फोन बदलू नका.

अहवाल हाती आला की नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण बहुतेक विक्रेते तिथेच वाटाघाटीला येतात. स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशी, 15 दिवसांची मुदत देऊन. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा, मात्र तिथे आदेश होत नाही. तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 69. सुरक्षित हिशेब म्हणजे फिल्टर बसवल्याच्या तारखेपासून धरा. ‘पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो’ असल्या संदेशांनी मुदत वाढत नाही, आणि अशा आशेवर बसूनच अनेकांची प्रकरणं मुदतबाह्य होतात.

दिलेली किंमत 5 लाखांच्या आत असल्याने आयोगात शुल्क लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. तक्रार, प्रतिज्ञापत्र, कोटेशन, बँक विवरण, दोन्ही अहवाल, नोटीस आणि पोच, एवढं जोडा. जुना 0.8 चा अहवाल लपवू नका. नमुना कसा घेतला होता ते लिहून जोडा. विक्रेत्याला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15 मिळतात. त्याने तुमचे अहवाल नाकारले, तर कलम 38 नुसार आयोगाकडे अर्ज करा : नमुना सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो, तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी असेल तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात याहून जास्त लागतात हे धरून चाला.

मागणी मोजकी ठेवा : 46,500 रुपये व्याजासह परत, तपासणीचा खर्च, फिल्टर काढून नेण्याचा खर्च त्याचा, आणि त्रासाबद्दल माफक भरपाई. मानसिक त्रासाचे पाच लाख मागितले की बाकीच्या आकड्यांवरही शंका येते.

मध्येच तो ‘पीएच वाढवायची टाकी जोडून देतो’ म्हणाला, तर नाही म्हणण्याची गरज नाही. तांत्रिकदृष्ट्या तोच उपाय बरोबर असू शकतो. फक्त लिहून घ्या : कोणत्या तारखेपर्यंत, किती लोहाच्या आत, एक महिन्याने आम्ल घातलेल्या नमुन्यावर तपासणी, आणि आकडा चुकला तर सात दिवसांत पूर्ण पैसे परत. खाली त्याची सही आणि शिक्का.